हिपॅटायटिस सी : धोका कोणाला, हे ठरवायचे कसे?

मोतीबिंदू, हर्निया किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या रक्ततपासण्या सांगितल्या जातात. साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांच्या खाली अहवालात एक ओळ असते, ‘अँटी-एचसीव्ही’. तिच्यापुढे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ असा शेरा आला की, डोळ्याची वा सांध्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपल्या यकृतात कदाचित वीस-पंचवीस वर्षांपासून एक विषाणू वस्तीला असल्याची पहिली कुणकुण लागते. हिपॅटायटिस सी या आजाराचे निदान आपल्याकडे पुष्कळदा असे योगायोगाने होते. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीकडून आलेले बोलावणे, आखातातील नोकरीसाठीची वैद्यकीय तपासणी, डायलिसिस सुरू करण्यापूर्वीची चाचणी हे असेच इतर योगायोग. ज्यांच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही, त्यांचे निदान जलोदराने पोट फुगल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर होते. तोवर यकृताचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. रुग्णाला नीट प्रश्न विचारून त्याच्या धोक्याचा अंदाज घ्यावयाचा आणि त्यानुसार वेळेत चाचणी करावयाची. एके काळी या अंदाजाचा व्यावहारिक उपयोग मर्यादित होता. इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाव्हिरिनच्या गोळ्या सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागत. ताप, नैराश्य, रक्तक्षय असे त्रास होत आणि इतके सोसूनही यशाची खात्री नसे. आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९० ते ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात आणि राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्या गोळ्या शासकीय केंद्रांवर मोफत मिळतात. औषधाचा प्रश्न बराचसा सुटला आहे. रुग्ण सापडण्याचा सुटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात या विषाणूचे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. म्हणजे हजारी चारच्या आसपास. त्यांतील बहुसंख्यांना त्याची कल्पना नाही.

‘मला तर कधी कावीळ झाली नाही’

धोक्याविषयी विचारणा केली असता हे उत्तर हमखास मिळते आणि ते निरुपयोगी असते. यकृताला सूज आणणारे प्रमुख विषाणू पाच आहेत. ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. बी, सी आणि डी यांचा प्रवास मुख्यतः रक्तावाटे होतो. मराठीत मात्र या साऱ्यांना ‘कावीळ’ हे एकच नाव असल्याने घोटाळा होतो. पावसाळ्यात साथीने येणारी, डोळे पिवळे करणारी, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘उतरवून’ दिली म्हणून बरी झाली असे वाटणारी कावीळ बहुधा ए किंवा ई विषाणूची असते. ती कोणी न उतरवताही बहुतेकांची बरी होतेच. हिपॅटायटिस सी च्या नव्या संसर्गात सुमारे ८० टक्के लोकांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. कावीळ झाली होती म्हणून सी चा धोका अधिक आणि झाली नव्हती म्हणून कमी, असे कोणतेच गणित त्यामुळे मांडता येत नाही.

संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण तीस जणांचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला आपणहून हुसकावून लावते. उरलेल्या सत्तरांमध्ये तो ठाण मांडतो. त्यांतील १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या काळात सिरॉसिस, म्हणजे यकृताचे कठीण होऊन आकसणे, या अवस्थेस सामोरे जावे लागते. काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. मधल्या काळात थकवा, अन्नावर वासना नसणे याखेरीज सांगण्यासारखे काही नसते आणि थकव्यासाठी विषाणू शोधावयाचा असतो हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

विषाणूची ओळखही उशिराच पटली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील हार्वे ऑल्टर यांनी रक्त घेतलेल्या रुग्णांत ए किंवा बी यांपैकी कशातच न बसणारी यकृताची सूज दाखवून दिली. पुढे १९८९ मध्ये मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाणूचा जनुकीय माग काढला आणि त्याला ‘सी’ हे अक्षर मिळाले. चार्ल्स राइस यांच्यासह या दोघांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाच्या दृष्टीने या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट एवढीच की, १९८९ पूर्वी जगात कोठेही या विषाणूसाठी रक्त तपासले जाणे शक्यच नव्हते.

‘बाटली’ नेमकी कसली?

भारतात रक्तपेढ्यांतील प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सी साठी चाचणी २००१ मध्ये बंधनकारक झाली. त्यामुळे ‘रक्त चढवले होते काय?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कोणत्या साली?’ हा प्रश्न अनिवार्य ठरतो. त्यापूर्वी रक्त वा रक्तघटक घेतलेली प्रत्येक व्यक्ती, मग ती आज कितीही ठणठणीत असो, एकदा चाचणीस पात्र आहे. या काळात आणखी एक गोष्ट भर घालीत होती. पैसे घेऊन वारंवार रक्त देणाऱ्या व्यावसायिक रक्तदात्यांवर आपल्याकडे भिस्त होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून त्यांवर बंदी आली. नातेवाईक म्हणून भाडोत्री माणूस उभा करण्याचे प्रकार त्यानंतरही थांबले नाहीत, ही वेगळी गोष्ट.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ‘बाटली लावली होती’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा ती सलाइनची होती की रक्ताची, हे पुन्हा विचारावे लागते. बाळंतपणात वा सिझेरियनमध्ये रक्त दिले गेले असेल, तर त्या स्त्रीला ते ठाऊक असेलच असे नाही. ती भुलीखाली होती, धावपळ सासूने अथवा नवऱ्याने केली होती आणि रुग्णालयाचा कागद केव्हाच हरवला आहे. अपघात, गर्भाशयाची शस्त्रक्रिया, रक्तस्रावी अल्सर, लहानपणीचे मोठे भाजणे, हृदयाची शस्त्रक्रिया असे प्रसंग एकेक करून विचारले, तर घरातील वडीलधाऱ्यांना पुष्कळ आठवते. ‘कधी रक्त घेतले होते का?’ असे मोघम विचारले की ‘नाही’ म्हणून विषय संपतो.

थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्तघटकांची गरज वारंवार भासते. त्यांच्यात एकदा चाचणी करून भागत नाही. ती ठरावीक अंतराने होत राहिली पाहिजे. तपासलेल्या रक्तातही थोडा धोका उरतो. संसर्गानंतर प्रतिपिंडे रक्तात दिसू लागण्यास साधारण आठ ते अकरा आठवडे लागतात आणि या काळात दात्याची प्रतिपिंड चाचणी निर्दोष येऊ शकते. विषाणूचे जनुकद्रव्य थेट शोधणाऱ्या ‘नॅट’ चाचणीमुळे ही फट बरीच अरुंद होते. परंतु ती प्रत्येक रक्तपेढीत होतेच असे नाही. नियोजित शस्त्रक्रिया असल्यास रक्तपेढीकडे याबाबत चौकशी करण्यात गैर काहीच नाही.

काचेची सिरिंज आणि इजिप्तचा धडा

रक्त न घेतलेल्या, कोणतेही व्यसन नसलेल्या माणसास हा आजार कोठून आला, याचे उत्तर आपल्याकडे अनेकदा इंजेक्शनमध्ये सापडते. ‘डॉक्टर, एक सुई मारा म्हणजे लवकर बरे वाटेल’ हा आग्रह आणि तो पुरवणारे दवाखाने दोन्ही जुने आहेत. २००० च्या दशकाच्या सुरुवातीस ‘इंडिया-क्लेन’ या वैद्यकीय संशोधकांच्या जाळ्याने देशभर केलेल्या पाहणीत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी सुमारे दोन-तृतीयांश असुरक्षित असल्याचे आढळले होते. काचेची सिरिंज स्टोव्हवरच्या चपट्या डब्यात उकळत ठेवलेली असे. गर्दीच्या वेळी एकामागून एक रुग्णाला ती वापरताना पुरेशी उकळली जाई, याची खात्री नव्हती. प्लॅस्टिकच्या सिरिंज आल्यावर काही ठिकाणी सुई बदलून नळी तीच ठेवण्याचा प्रघात पडला. सुई बदलली तरी नळीत परत आलेले रक्ताचे अदृश्य थेंब पुढच्या रुग्णाकडे जाऊ शकतात. अनेकांसाठी वापरावयाच्या औषधाच्या बाटलीत वापरलेली सुई पुन्हा बुडवली, तर उरलेले सारे औषधच दूषित होते. हा विषाणू चिवट आहे. प्रयोगशाळेतील प्रयोगांत सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात तो दोन महिन्यांपर्यंत संसर्गक्षम राहिलेला आढळला आहे.

यातून काय घडू शकते हे इजिप्तने पाहिले. तेथे नाईलकाठच्या खेड्यांत शिस्टोसोमा या कृमीचा उपद्रव मोठा. त्याच्या निर्मूलनासाठी १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत शासनाने मोहिमा काढून अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने शिरेतून दिली. सिरिंज काचेच्या आणि पुन:पुन्हा वापरलेल्या. एका आजाराशी लढताना दुसरा आजार पिढीच्या पिढीत पसरला आणि हिपॅटायटिस सी च्या प्रमाणात इजिप्त जगात अग्रस्थानी गेला. भारतात असे एकगठ्ठा कारण नाही. परंतु २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंजमुळे पसरलेल्या हिपॅटायटिस बी च्या साथीने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा वाट तीच होती. फक्त विषाणू वेगळा.

‘असुरक्षित इंजेक्शन घेतले होते काय?’ असे विचारून काही निष्पन्न होत नाही. लहानपणीच्या डॉक्टरची सिरिंज कोठून निघत असे, पाकीट समोर फोडले जाई काय, असे विचारावे लागते. आणि येथे एक अडचण येते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर ‘डब्यातून’ असेच येते. जे सर्वांच्याच पूर्वायुष्यात आहे, त्याची चाळणी होऊ शकत नाही. म्हणून संख्येकडे पाहावे. क्षयरोगासाठी महिनोन्‌महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतलेली व्यक्ती, कुत्रे चावल्यामुळे पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली व्यक्ती, दम्यासाठी वा अशक्तपणासाठी आठवड्याला सुई टोचून घेणारी व्यक्ती यांचा धोका दोन-चार इंजेक्शने घेतलेल्यापेक्षा उघडच अधिक. बोगस डॉक्टरकडे नियमित उपचार घेतले असतील, तर ती माहितीही मोलाची.

संकोचाचे प्रश्न

आज जगभर नव्या संसर्गाचा मोठा वाटा अमली पदार्थ शिरेतून घेणाऱ्यांत आहे. आपल्याकडे मणिपूर आणि पंजाब ही नावे प्रथम घेतली जातात. मुंबईसारखी महानगरे त्याला अपवाद नाहीत. प्रश्न विचारण्याची रीत येथे सर्वाधिक महत्त्वाची ठरते. ‘व्यसन आहे का?’ याला महाविद्यालयात असताना मित्रांच्या आग्रहाने दोन-तीनदा सुई घेतलेला आणि आज संसारात रमलेला मनुष्य प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. ‘आयुष्यात कधीही, एकदा तरी, डॉक्टरने न दिलेली सुई घेतली आहे काय?’ याला वेगळे उत्तर येऊ शकते. हा प्रश्न बायको, आई-वडील किंवा शेजारचा रुग्ण ऐकत असताना विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागात एका टेबलाभोवती चार रुग्ण उभे असतात, हे वास्तव लक्षात घेता कित्येकांना हा प्रश्न आयुष्यात कधी विचारलाच जात नाही. केवळ सुईच नव्हे, तर औषध विरघळवण्याचा चमचा, कापूस व पाणी एकत्र वापरल्यानेही संसर्ग होतो. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने तरुण ‘नशा’ या सदरात धरत नाहीत. त्यांविषयी निराळे विचारावे. तुरुंगवास घडला असल्यास तोही धोक्याच्या यादीत मोडतो.

जत्रेत एकाच सुईने ओळीने केलेले गोंदण आणि परवान्याविना चालणाऱ्या दुकानातील टॅटू यांत तत्त्वतः फरक नाही. सुई नवी असली तरी शाईची वाटी तीच असेल, तर धोका राहतो. रस्त्याकडेला दात काढणाऱ्यांविषयीही विचारणा व्हावी. केशकर्तनालयातील वस्तऱ्याबाबत मात्र लोकांत जितकी भीती आहे तितका पुरावा भक्कम नाही. तरीही नवे पाते मागून घेण्यास खर्च काहीच नाही.

लैंगिक संबंधातून हा विषाणू पसरतो, पण हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीच्या तुलनेत फारच क्वचित. वर्षानुवर्षे एकत्र राहणाऱ्या पती-पत्नींत एकाकडून दुसऱ्यास संसर्ग झाल्याची उदाहरणे विरळ असतात. एचआयव्ही असलेल्या, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण लक्षणीय वाढते. एचआयव्हीबाधित प्रत्येक व्यक्तीची हिपॅटायटिस सी चाचणी करावी, हे त्यामुळेच सांगितले जाते.

घर आणि कामाची जागा

घरात कोणाला हा आजार निघाला की ताट-वाटी वेगळी करण्यापासून सुरुवात होते. त्याला कोणताही आधार नाही. एकत्र जेवणे, मिठी मारणे, खोकला, शिंक, डास, सार्वजनिक शौचालय यांतून हिपॅटायटिस सी पसरत नाही. वेगळे ठेवावे ते रेझर, टूथब्रश आणि नखे कापण्याचे साधन. म्हणजे ज्यांवर रक्ताचा अंश राहू शकतो अशा वस्तू.

बाधित मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण सुमारे पाच ते सहा टक्के असते. आईला एचआयव्ही असल्यास ते वाढते. केवळ या कारणासाठी सिझेरियन करण्याची गरज नसते आणि स्तनपानही चालू ठेवता येते. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल, तरच ते बरे होईतो थांबावे. गोळ्यांचा उपचार सामान्यतः प्रसूतीनंतर सुरू केला जातो. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकत असल्याने त्याआधी केलेली प्रतिपिंड चाचणी दिशाभूल करते. लवकर उत्तर हवे असल्यास दुसऱ्या महिन्यानंतर विषाणूचीच चाचणी करावी लागते. मातेला संसर्ग असल्याचे मूल मोठे झाल्यावर कळले, तर मुलांचीही तपासणी करावी, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील मदतनीस, रुग्णालयातील सफाई कर्मचारी आणि महानगरातील कचरावेचक यांना टोचलेल्या सुयांचा धोका असतो. बाधित रुग्णाची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता पूर्वी सुमारे १.८ टक्के धरली जात असे. पुढील निरीक्षणांनी ती ०.२ टक्क्यांपर्यंत खाली आणली आहे. लस न घेतलेल्या व्यक्तीस बी विषाणूचा धोका याहून कितीतरी पटींनी अधिक असतो. जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, घटनेची नोंद करावी. हिपॅटायटिस सी साठी टोचल्यानंतर घ्यावयाचे प्रतिबंधक औषध नाही व लसही नाही. त्यामुळे लगेच एक चाचणी, तीन ते सहा आठवड्यांनी विषाणूची चाचणी आणि चार ते सहा महिन्यांनी पुन्हा एक, असा पाठपुरावा करावा लागतो.

डायलिसिसवरील रुग्ण हा स्वतंत्र गट. आठवड्यातून दोन-तीनदा रक्त शरीराबाहेर काढून परत सोडले जाते आणि त्या प्रत्येक वेळी हातमोजे, औषधांच्या बाटल्या, पृष्ठभागांची स्वच्छता यांत हयगय झाल्यास विषाणूला वाट मिळते. अशा रुग्णांची चाचणी सुरुवातीस व त्यानंतर दर सहा महिन्यांनी होणे अपेक्षित आहे. केंद्र निवडताना नातेवाइकांनी ही चौकशी अवश्य करावी.

‘नाही’ या उत्तराचा अर्थ

इतके सर्व विचारूनही काही प्रश्न उरतात. माणसे विसरतात, लपवतात. पुष्कळदा त्यांना ठाऊकच नसते. अमेरिकेने याचा अनुभव घेतला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने १९९८ मध्ये धोका असलेल्यांची चाचणी करण्याचे धोरण ठरवले. पण निम्म्याहून अधिक रुग्ण अज्ञातच राहिले. २०१२ मध्ये प्रश्न बाजूला ठेवून १९४५ ते १९६५ या काळात जन्मलेल्या सर्वांची एकदा तपासणी करण्यास सांगण्यात आले. तेही अपुरे ठरल्यावर २०२० मध्ये प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा व प्रत्येक गरोदरपणात तपासणी, अशी शिफारस झाली. इजिप्तने तर २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची चाचणी केली आणि बाधितांना मोफत औषध दिले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाच्या वाटेवरील ‘सुवर्ण श्रेणी’ त्या देशास दिली.

भारतात प्रमाण हजारी तीन-चार असताना सरसकट सर्वांची तपासणी परवडण्याजोगी आहे काय, याविषयी मतभेद असू शकतात. पंजाब-हरियाणाच्या काही भागांत ते प्रमाण बरेच अधिक आहे आणि पंजाबने २०१६ मध्येच मोफत उपचार सुरू केले. व्यक्तीच्या पातळीवर मात्र हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. प्राथमिक चाचणी बोटातील रक्ताच्या थेंबावरही होते आणि तिचा खर्च एका सोनोग्राफीपेक्षा पुष्कळच कमी. प्रश्नांना होकार आला तर चाचणी करावीच; सगळ्यांना नकार आला, परंतु यकृताच्या चाचण्यांत दोष आहे, मूत्रपिंडाचा अनाकलनीय विकार आहे किंवा २००१ पूर्वीच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा तपशील मिळत नाही, तरीही करावी. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत राहणे बरोबर नाही. दीर्घकालीन संसर्गात ती कित्येकदा नॉर्मलच असते.

दोन टप्प्यांची चाचणी

सर्वाधिक गोंधळ अहवाल हाती आल्यावर होतो. ‘अँटी-एचसीव्ही’ ही प्रतिपिंडांची चाचणी आहे. ती होकारार्थी आली, म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच कळते. तो आज शरीरात आहे काय, हे ‘एचसीव्ही आरएनए’ या दुसऱ्या चाचणीने ठरते. शंभरांतील ज्या तीस जणांनी विषाणू आपणहून घालवला, त्यांचीही पहिली चाचणी होकारार्थीच येते. दुसरी चाचणी न करता शस्त्रक्रिया रद्द करणे, नोकरी नाकारणे किंवा घरात स्वतंत्र खोली देणे हे अज्ञानाचे प्रकार होत. उलटही घडते. नुकताच संसर्ग झाला असल्यास, तसेच डायलिसिसवरील वा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत, पहिली चाचणी नकारार्थी येऊनही विषाणू असू शकतो. तेथे संशय असल्यास थेट आरएनए चाचणी केली जाते.

विषाणू असल्याचे नक्की झाले की धोक्याचे दुसरे मूल्यमापन सुरू होते : यकृताची हानी किती झाली आणि किती वेगाने होईल? मद्यपान, लठ्ठपणा, मधुमेह, जोडीला हिपॅटायटिस बी वा एचआयव्ही, चाळिशीनंतर झालेला संसर्ग, यांमुळे वेग वाढतो. भारतात सर्वाधिक आढळणारा तिसरा जनुकीय प्रकार यकृतात चरबी साठवण्यासाठी ओळखला जातो. नेहमीच्या रक्तचाचण्यांतील एसजीओटी व प्लेटलेट्सच्या आकड्यांवरून प्राथमिक हिशेब मांडता येतो, फायब्रोस्कॅनने तो अधिक नेमका होतो. यकृताचा तुकडा काढून तपासण्याची वेळ आता क्वचितच येते. उपचारापूर्वी हिपॅटायटिस बी ची चाचणी अत्यावश्यक. कारण सी चा विषाणू हटताच दबलेला बी उसळी घेऊ शकतो.

सोफोसबुविर हे औषध डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा एका गोळीची किंमत एक हजार डॉलर होती. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांशी परवान्याचे करार झाले आणि २०१५ पासून येथे तेच औषध त्याच्या अगदी थोड्या अंशात मिळू लागले. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात निदान व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. सिरॉसिस नसलेल्यांना सोफोसबुविर व डॅक्लाटासविर, असलेल्यांना सोफोसबुविर व वेलपाटासविर, अशी सर्वसाधारण योजना आहे. यकृत निकामी होऊ लागले असल्यास रिबाव्हिरिनची जोड किंवा दुप्पट कालावधी लागतो. चौकशी नजीकच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात करावी.

गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी केली जाते. विषाणू आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला असे समजतात. तरीही अँटी-एचसीव्ही चाचणी आयुष्यभर होकारार्थी राहू शकते. पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळी तोच ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ शेरा येणार असल्याने आरएनएचा नकारार्थी अहवाल जपून ठेवावा. रक्तदान मात्र करता येत नाही. उपचाराने आलेली मुक्ती म्हणजे प्रतिकारशक्ती नाही. जुना धोका कायम राहिला, तर संसर्ग पुन्हा होऊ शकतो आणि अशा व्यक्तींची वर्षातून एकदा आरएनए चाचणी करावी लागते. ज्यांना उपचारापूर्वीच सिरॉसिस झाला होता, त्यांना विषाणू गेल्यानंतरही कर्करोगाचा धोका राहतो. त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी.